वाटण बाहेर, अळणी रस्सा आत

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही ह्यूस्टनजवळ राहतो. थँक्सगिव्हिंगच्या सणाला आमच्याकडे पाच-सहा मराठी कुटुंबं जमतात आणि टर्की करण्याचं काम माझ्याकडे असतं. गेल्या वर्षी आलं-लसूण, दही आणि कांदा-लसूण मसाला लावून टर्की दोन दिवस फ्रिजमध्ये मुरवली. कातडी झकास झाली, पण छातीचं मांस आतून पांढरंफटक, कोरडं आणि बेचव निघालं. ऑफिसातल्या एका अमेरिकन मित्राने मांसात मसाला टोचायची मोठी सुई दिली होती. तेच वाटण पातळ करून तिच्यात भरलं, तर सुई तुंबली आणि जोर लावल्यावर सगळं भिंतीवर उडालं. दुकानात तयार बाटल्या मिळतात, पण त्यांना आपली चव नाही. असं काही घरी करता येईल का? एक मित्र म्हणतो, कच्च्या पपईचा रस टोच, लोण्यासारखी मऊ होईल. यंदा सांगलीहून सासू-सासरे येणार आहेत. सासऱ्यांना ब्लडप्रेशर आहे, तेव्हा मिठाचंही सांगा. – एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : सप्रेम नमस्कार.

घरी नक्की करता येईल, आणि बाटलीतल्यापेक्षा चांगलं होईल. फक्त कामाची वाटणी नीट करा. सुईने आत जायचं ते खारट, गाळीव, पाण्यासारखं पातळ. वाटण, दही, मसाला, तूप हे सगळं बाहेर आणि कातडीखाली.

आपल्या स्वयंपाकात ही वाटणी करायची वेळ सहसा येत नाही, कारण आपण मांसाचे तुकडे करतो. हळद-मीठ, आलं-लसूण लावून तासभर ठेवलं की मसाला मुरला म्हणतो. खरं पाहता लसूण, हळद, तिखट ही मंडळी मांसात जेमतेम काही मिलिमीटर शिरतात, रात्रभर ठेवलं तरी. तुकडा लहान असतो, पुढे तो रश्शात शिजतो, म्हणून आपल्याला ते कधी जाणवत नाही. अख्ख्या तंगडीला सुरीने चिरा देतो तेही यासाठीच. टर्कीची छाती मात्र दोन-अडीच इंच जाड असते. दोन दिवस काय, आठवडाभर मसाला लावून ठेवलात तरी तो मधोमध पोहोचणार नाही. खोलवर जातं ते मीठ, आणि तेही सावकाश.

मीठ आत गेलं की नुसती चव येत नाही, मांसाची पाणी धरून ठेवण्याची ताकद वाढते. मांस तापलं की त्यातले तंतू आकसतात आणि पाणी पिळून बाहेर काढतात. मिठामुळे त्या तंतूंमधली काही प्रथिनं विरघळतात, तंतू थोडे फुगतात आणि तापल्यावर कमी पाणी सोडतात. म्हणून नुसतं पाणी किंवा बिनमिठाचा रस्सा टोचला तर त्यातला बराचसा ट्रेमध्ये परत येतो. मीठ घातलेला रस्सा आत टिकतो. सुईचा उपयोग एवढाच, की मिठाला बाहेरून आत पोहोचायला जे दिवस लागले असते ते वाचतात.

ही पद्धत तुमच्या शेजारच्याच राज्यात, लुइझियानात, फार लोकप्रिय आहे. तिथे अख्खी टर्की शेंगदाण्याच्या तेलात तळतात. तळताना बाहेरचा मसाला तेलात उतरतो आणि जळतो, तेव्हा चव आतच घालावी लागते. त्याच राज्यातल्या ओपेलूसस गावची टोनी सॅशरी ही १९७२ सालची मसाल्यांची कंपनी. तिची लोण्याच्या चवीची टोचायची बाटली तुमच्या दुकानात बहुधा दिसली असेल. अलाबामातल्या डेकेटर गावी बिग बॉब गिब्सन नावाचं १९२५ पासूनचं बार्बेक्यूचं हॉटेल आहे. तिथले क्रिस लिली डुकराच्या खांद्याच्या मांसात टोचण्यासाठी सफरचंदाचा रस, पाणी, साखर, मीठ आणि वूस्टरशर सॉस एवढंच वापरतात. बार्बेक्यूच्या स्पर्धा जिंकणाऱ्या माणसाच्या सुईत लसणाची पाकळी नाही, मसाल्याचा कण नाही. सगळं विरघळलेलं.

आपल्याकडे यासाठी अळणी रश्शासारखी दुसरी चीज नाही. सासरे सांगलीचे आहेत, त्यांना वेगळं सांगायला नको. कोल्हापूर-सांगलीकडे मटण शिजवताना तिखट पडायच्या आधी जो अळणी रस्सा बाजूला काढतात, त्याच धर्तीवर हा करायचा. फरक इतकाच की यात हळद घालायची नाही. पांढऱ्या मांसात हळदीचे पिवळे पट्टे उमटतात आणि कापल्यावर ताटात वाईट दिसतात.

बारा पौंडांच्या, म्हणजे सुमारे साडेपाच किलोच्या टर्कीसाठी प्रमाण देते. कोंबडीचे पंख आणि पाठीची हाडं मिळून किलोभर घ्या. टर्कीच्या पोटातल्या पुडीत मान असते तीही चालते, पण गोठवलेला पक्षी पुरता सुटल्याशिवाय, म्हणजे आतला बर्फ वितळल्याशिवाय, ती पुडी बाहेर येत नाही, म्हणून तिच्यावर विसंबू नका. आणि त्या पुडीतली कलेजी यात घालू नका, रस्सा कडवट होतो. हाडं दोन लिटर पाण्यात चढवा. एक कांदा उभा चिरून, दहा-बारा लसणीच्या पाकळ्या ठेचून, दोन इंच आलं ठेचून, कोथिंबिरीचे देठ, दहा-बारा मिरे, तीन लवंगा, दालचिनीचा लहान तुकडा, एक तमालपत्र आणि दोन अख्ख्या ब्याडगी मिरच्या घाला. मिरच्यांचे देठ काढू नका, नाहीतर बिया पसरतात. मंद आचेवर दीड-दोन तास ठेवा, पाणी निम्मं होईपर्यंत. पूड कसलीच नाही. गरम मसाला नाही, मिरपूड नाही, तिखट नाही. गिरणीतून कितीही बारीक दळून आणलेली पूड सुईच्या भोकांना जाडच असते, आणि पाण्यात भिजून ती आणखी फुगते.

गाळणं दोनदा. आधी साध्या गाळणीतून, मग ओल्या मलमलच्या फडक्याची दुहेरी घडी करून तिच्यातून. फडकं पिळू नका. पिळलं की गाळ खाली उतरतो. पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून रस्सा लवकर थंड करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर चरबीचा थर जमेल तो चमच्याने काढून टाका, आणि तळाशी गाळ बसला असेल तर वरचं निवळ तेवढंच ओतून घ्या. हा चरबी काढायचा भाग टाळू नका. काही बाटल्यांमध्ये लोणी किंवा लोण्याची चव असते आणि पुष्कळ जण घरीही वितळलेलं लोणी टोचतात. पण फ्रिजमधल्या गार मांसात लोणी शिरलं की तिथल्या तिथे गोठतं, निम्मं सुईतच अडकतं. लोणी किंवा तूप कातडीखाली चोळलेलं बरं, तिथे त्याचं सोनं होतं.

आता मीठ. साडेतीनशे मिलिलिटर निवळ रस्सा मोजून घ्या आणि थोडा कोमट करून त्यात २० ग्रॅम मीठ आणि एक चमचा साखर विरघळवा. हवं तर एक मोठा चमचा वूस्टरशर सॉस घाला. त्यात चिंच असते, आपल्या जिभेला तो परका वाटत नाही. पुन्हा थंड करा. चाखून पाहाल तर समुद्राच्या पाण्यापेक्षा खारट लागेल; तसंच हवं, कारण ते किलोला साठ-पासष्ट मिलिलिटर एवढंच पडणार आहे. मीठ वजनकाट्यावर तोलूनच घ्या. बारीक मिठाचा सपाट चमचा सहा ग्रॅमचा भरतो, पण अमेरिकन स्वयंपाकघरात जे जाड कोशर मीठ असतं त्यातल्या एका नामांकित कंपनीच्या मिठाचा तोच चमचा जेमतेम तीन ग्रॅमचा.

हे सगळं करण्याआधी एक गोष्ट बघायची, आणि ती दुकानातच बघायची. टर्कीच्या वेष्टनावरचं बारीक अक्षर वाचा. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या पुष्कळ गोठवलेल्या टर्क्यांमध्ये कारखान्यातच मिठाचं पाणी टोचलेलं असतं, आणि ‘८ टक्क्यांपर्यंत द्रावण’ अशा अर्थाचं वाक्य छापलेलं असतं. कोशर, म्हणजे ज्यू धर्माच्या नियमांनुसार तयार केलेली, टर्की असेल तर तिलाही आधीच मीठ लावलेलं असतं. अशा पक्ष्याला वरचं प्रमाण वापरलंत तर तो खारट होईल. शक्य असेल तर द्रावण नसलेली टर्की आणा, म्हणजे मीठ तुमच्या हातात राहतं. तसली मिळाली नाही, तर त्याच रश्शात मीठ अजिबात न घालता, निम्माच टोचा, केवळ चवीपुरता.

तयार पुड्यांमध्ये आणि स्पर्धेवाल्यांच्या मिश्रणांत फॉस्फेट असतं, तेही पाणी धरून ठेवतं. घरी मी ते सुचवत नाही. जरा जास्त झालं की मांस रबरासारखं लागतं, साबणासारखी चवही येते, आणि मिठाने काम भागतं.

तुमच्या सुईबरोबर बहुधा दोन सुया आल्या असतील. एकीला टोक बंद आणि बाजूंना बारीक भोकं असतात, ती पातळ द्रवासाठी. दुसरीचं टोक तिरकं आणि उघडं असतं, ती जाडसर मिश्रणासाठी. तुम्ही पहिली घ्या. टोचण्याआधी सुईत रस्सा ओढून एका पेल्यात सोडून बघा. धार सरळ, न अडखळता आली तर ठीक. अडखळली तर परत गाळा, जोर लावू नका. दवाखान्यातली सिरिंज या कामाला वापरू नका. तिची सुई फार बारीक असते, जाड मांसात वाकते किंवा मोडते, आणि मोडलेला तुकडा शोधणं महाकठीण.

टर्की नळाखाली धुऊ नका. आपल्याला चिकन धुतल्याशिवाय चैन पडत नाही, मला ठाऊक आहे, पण धुताना उडणारे थेंब सिंक, ओटा आणि शेजारच्या कोशिंबिरीवर जंतू पसरवतात. कागदी टॉवेलने कोरडी करा, खोलगट ट्रेमध्ये ठेवा. रस्सा टोचण्यापुरता वेगळ्या पेल्यात काढा आणि सुई त्याच पेल्यात बुडवा. कच्च्या मांसाला लागलेली सुई ज्यात बुडाली ते उरलेलं सगळं शेवटी फेकून द्यायचं.

टोचताना शक्यतो कातडीला भोक पाडू नका. मानेच्या बाजूने कातडी बोटांनी हलकेच सोडवून वर करा आणि सुई थेट मांसात घाला. एकाच भोकातून सुई आत ठेवून तिची दिशा तीन-चार वेळा पंख्यासारखी बदला, आणि सुई हळूहळू मागे घेता घेता दट्ट्या दाबा. एका जागी थांबून सगळं रिकामं केलंत तर तिथे तळं साचतं, मांस फाटतं आणि शिजल्यावर एक खारट घास आणि बाकीचे बेचव असं होतं. दोन-दोन इंचांवर टोचत जा. छातीला सगळ्यात जास्त, जवळजवळ दोन तृतीयांश, कारण तिथे चरबी नाही. उरलेलं मांड्यांना आणि तंगड्यांना. दाबलेला रस्सा कधीकधी शेजारच्या भोकातून कारंज्यासारखा उडतो, म्हणून डाव्या हाताने वर एक कागदी टॉवेल धरा. तुमच्या भिंतीची काळजी मिटेल.

मग टर्की उघडीच, न झाकता, फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात रात्रभर. या वेळात मीठ टोचलेल्या जागांपासून आजूबाजूला सरकतं, आणि कातडी वाळते, तीच भाजताना कुरकुरीत होते. सकाळी आपलं वाटण: आलं, लसूण, कोथिंबीर, हिरवी मिरची, कांदा-लसूण मसाला, आणि मऊ तूप किंवा बिनमिठाचं लोणी. मसाल्यात मीठ असतंच, वेगळं घालू नका. हे बहुतेक सगळं कातडीखाली, मांसावर चोळा. वर फक्त तुपाचा हात फिरवा. गेल्या वर्षीचं दही आवडलं असेल तर चमचाभर याच वाटणात चालेल.

वार ठरवून ठेवा. थँक्सगिव्हिंग गुरुवारी असतं. बारा पौंडांचा गोठलेला पक्षी फ्रिजमध्ये सुटायला तीन दिवस लागतात, तेव्हा रविवारी सकाळी फ्रीजरमधून फ्रिजमध्ये. रस्सा सोमवारी किंवा मंगळवारी. बुधवारी संध्याकाळी टोचणं. अर्धवट गोठलेल्या मांसात सुई शिरत नाही आणि शिरली तरी रस्सा पसरत नाही. ओट्यावर ठेवून सुटी करायची घाई मात्र नको.

पपईबद्दल मित्राचं ऐकू नका. कच्च्या पपईतलं पपेन मांसाची प्रथिनं तोडतं, आणि जून, चिवट मटणाला बाहेरून तासभर लावलं तर त्याचा उपयोगही होतो. पण टर्कीची छाती चिवट नसते, ती कोरडी असते. हे दोन निराळे आजार आहेत. सुईने आत घातलेलं पपेन रात्रभर तिथेच काम करत राहतं, ओव्हनमध्ये सुरुवातीला तर ते आणखी जोमाने चालतं, आणि सुईच्या वाटेवाटेने मांसाचा पिठूळ लगदा होतो. अननसाचा ताजा रस, किवी यांचं तेच. कच्च्या आल्याच्या रसातही असं एन्झाइम असतं, म्हणून आलं रश्शात उकळूनच घ्यायचं. उकळल्यावर ते निकामी होतं आणि चव तेवढी उरते. लिंबू, व्हिनेगर, आगळ हेही रात्रभर आत नकोत. आंबटाने आतलं मांस पांढरं, भुसभुशीत पडतं. आंबट हवं तर वाढताना लिंबाची फोड द्या.

सुईबरोबर एक जबाबदारीही येते. अख्ख्या मांसाच्या तुकड्याचे जंतू बहुतेक पृष्ठभागावर असतात आणि भाजताना आधी तेच मरतात. सुई त्यांना आत ढकलते. याच कारणाने अमेरिकेत २०१६ पासून, सुया किंवा पाती घालून मऊ केलेल्या किंवा द्रावण टोचलेल्या कच्च्या बीफवर तसं छापणं सक्तीचं आहे. टर्कीला तर सगळीकडेच १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सिअस, गाठावेच लागतात. ओव्हन ३२५ फॅरनहाइटवर ठेवा. एवढ्या वजनाच्या, पोट न भरलेल्या टर्कीला साधारण तीन तास लागतात, पण घड्याळावर किंवा टर्कीत खोचलेल्या, शिजल्यावर वर उसळणाऱ्या प्लास्टिकच्या बटणावर विश्वास ठेवू नका. थर्मामीटर घ्या. छातीच्या सगळ्यात जाड भागात आणि मांडीच्या आतल्या बाजूला, हाडाला न टेकवता, तपासा. अडीच तासांपासून बघायला लागा. १६५ झाले की बाहेर काढा आणि अर्धा तास तशीच राहू द्या. एक सांगते, सुई आणि थर्मामीटर यांतलं एकच घ्यायचं असतं तर मी थर्मामीटर घ्यायला सांगितलं असतं. छाती १८५ पर्यंत गेली तर कितीही रस्सा टोचलेला असो, ती कोरडीच होणार.

कोणी तळायचं म्हणालं तर ते घराबाहेर, मोकळ्या जागी, आणि पक्षी पूर्ण सुटलेला आणि कोरडा असेल तरच. टोचलेल्या टर्कीतून गळणारं पाणी तापलेल्या तेलात पडतं आणि भडका उडतो. घरात लहान मुलं जमणार असतील तर ओव्हनच बरा.

हे वाचून पुण्या-मुंबईचे वाचक ओटीजीत अख्खी कोंबडी करायला निघतील, म्हणून दोन शब्द. किलो-सव्वा किलोच्या कोंबडीला सुईची गरज नाही. आदल्या रात्री आतून-बाहेरून किलोला दहा ग्रॅम मीठ चोळून ठेवा, पुरतं. मटणाची अख्खी रान, म्हणजे मागची तंगडी, करायची असेल तर मात्र सुई कामाची: दीड किलोच्या रानेला शंभर मिलिलिटर अळणी रस्सा आणि सहा ग्रॅम मीठ, रात्रभर फ्रिजमध्ये, आणि मग आपण शिजवतो तशी पूर्ण शिजलेली. गुलाबी ठेवायची नाही.

काम झाल्यावर सुई लगेच सुटी करून साबणाच्या गरम पाण्यात टाका. बारीक भोकं सोबत मिळणाऱ्या ब्रशने किंवा पातळ तारेने साफ करा आणि पाणी जोराने आरपार सोडून बघा. वाळलेला रस्सा दुसऱ्या दिवशी निघत नाही.

आता सासऱ्यांचं. वरच्या प्रमाणाने दीडशे ग्रॅम मांसामागे साधारण पाऊण ते एक ग्रॅम मीठ येतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहायला सांगते. म्हणजे त्यांनी टर्की बेताने खाल्ली तर अडचण यायला नको. डॉक्टरांनी याहून कडक मर्यादा घालून दिली असेल तर ती पाळा आणि रश्शात २० ऐवजी १२ ग्रॅम मीठ घाला, रसाळपणा थोडा कमी होईल पण जाणार नाही. मिठाचा खरा साठा दुसरीकडे असतो: ट्रेमध्ये गळलेल्या रसाच्या ग्रेव्हीत, तयार स्टफिंगच्या पाकिटात, आणि मसाल्यात. म्हणून रस्सा गाळल्यावर, मीठ पडायच्या आधीच, दोन वाट्या बाजूला काढून ठेवा. गुरुवारी त्यात थोडं खोबरं, तीळ आणि खसखस वाटून घाला, वर लिंबू पिळा, आणि ग्रेव्हीऐवजी तो पांढरा रस्सा त्यांना द्या.